राणीच्या पापण्या

लहानांनो आणि मोठ्यांनो, फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगरापलीकडच्या राज्यात एक हौशी, बोलकी राणी होती. एके दिवशी तिला निरोप आला, लग्न होऊन समुद्रापार गेलेली बालमैत्रीण भेटायला येतेय!

राणी आनंदाने आरशापुढे गेली आणि हिरमुसली. गाल उतरलेले, पापण्या डोळ्यांवर लोंबलेल्या. तिने लगेच शल्यवैद्य बाईंना बोलावलं.

"वैद्यबाई, मला सोळा वर्षांची करा."

"कानामागे छेद घेऊन कातडी वर ओढता येते, महाराणी. टाके केसांत लपतात. पण सोळा वर्षांचं दिसायचं तर इतकी ओढावी लागेल." वैद्यबाईंनी दोन्ही हातांनी राणीचे गाल मागे खेचले. "आता हसून बघा."

राणी हसायला गेली. आरशातलं तोंड काही हलेना.

"सोडा, सोडा!" राणी घाबरली, मग चिडली. "तुम्हाला जमत नाही, असं सांगा ना!"

"जमतं, पण करणार नाही. मला एक सांगा, मघापासून तुम्ही हनुवटी वर करून का बघताय?"

राणीने हनुवटी खाली घेतली. मग हळूच म्हणाली, "पापण्या आड येतात. समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही. राणीनं हे कुणाला सांगायचं?"

"मग गाल राहू देत. पापण्या तेवढ्या माझ्यावर सोपवा."

राणीने बराच विचार केला आणि होकार दिला. वैद्यबाईंनी भूल देऊन पापणीच्या घडीतच बारीक छेद घेतला, सैल कातडी काढली, रेशमी धाग्याने टाके घातले.

सूज उतरली तशी राणी सज्जात आली. "अगंबाई, झाडांना शेंडे आहेत!" ती ओरडली. दासींपासून माहुतापर्यंत सगळ्यांचे चेहरे बघत ती दिवसभर हिंडली.

मैत्रीण आली खरी, पण तोंडावर पदर ओढून पालखीतच बसून राहिली. आतूनच तिने राणीला लहानपणीच्या नावाने हाक मारली.

"रेवू, मी फार म्हातारी झालेय गं. तू ओळखणार नाहीस."

राणीने पदर बाजूला केला. सुरकुत्या, हनुवटीवरचा तीळ, डोळ्यांतलं पाणी, सगळं तिला लख्ख दिसलं.

"वेडे, किती दिवसांनी तुला डोळे भरून बघतेय!"

दोघी गळ्यात पडून इतक्या हसल्या की पालखीचे भोईही हसू लागले.

पुढे राणीने वैद्यबाईंना नदीकाठी शल्यशाळा बांधून दिली. दूरदूरची माणसं तिथे येत, आणि उपचाराआधी वैद्यबाई प्रत्येकाशी निवांत बोलत.

तात्पर्य: आपल्याला खरोखर काय हवं आहे हे कळलं, की थोडासा बदलही पुरतो.