हातभर आखूड दोर

दोर तुटलेला नाही, ताई. आमच्या खडपबेटावर या विहिरीचा दोर हातभर आखूडच असतो. बागेत आलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो आणि मी फाटकाशी बसून प्रत्येकाला हेच सांगते. कळशी ठेवा खाली. भरतीला अजून वेळ आहे, तोवर ऐका.

फार वर्षांमागे, या सुरूच्या झाडांच्या जागी नुसती वाळू होती, तेव्हाची गोष्ट. तीन वर्षं पावसानं तोंड फिरवलं आणि बेटावरची एकुलती विहीर खारट झाली. कारभारी दाजी गावकर यानं होड्या काढून ठेवल्या. पुनवेपर्यंत पाणी लागलं नाही तर बेट सोडायचं. पण त्याची सून आवडी दहा दिवसांची बाळंतीण होती. तिचं दूध आटलं होतं. पोरानं रडायचंसुद्धा सोडलं होतं. ते होडीत टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

धाकू विहिरी खणायचा. मूठभर वाळू हुंगून खाली पाणी कसलं आहे ते तो सांगायचा, असं म्हणतात. त्यानं जागा धरली ती समुद्रापासून वीस पावलांवर. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. पुनवेच्या सकाळी, दोन पुरुष उंचीएवढ्या खोलीवर, ओंजळभर पाणी लागलं. धाकूनं पहार वर पाठवून दिली.

"बास. आता भरतीची वाट बघायची."

"ओंजळभर पाण्यात कोण जगणार?" दाजी काठावरून म्हणाला. "आणखी हातभर खण."

"गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं धरलंय, दाजी. हातभर खाली समुद्र आहे. भरती ती साय वर उचलेल, फोडू नका."

दाजीला कुठलं पटतंय? नातवाचा जीव कंठाशी आलेला. त्यानं दोन गड्यांना पहार घेऊन उतरायला सांगितलं. तेव्हा धाकूनं खाली उतरायच्या दोराचं टोक मुठीत आवळलं आणि तो तळाशी मांडी घालून बसला. आता पहार मारायची कुठे?

भरती लागली. लाट वीस पावलांवरून दहावर आली, दहावरून पाचावर. पाणी धाकूच्या मांडीवर चढलं, मग छातीशी, मग गळ्याशी. समुद्रच आत शिरला म्हणून लोक रडायला लागले. वर ये, वर ये, म्हणून दाजीनंही हाका मारल्या. धाकू हलला नाही. आपण उठलो की पहार पडणार, हे त्याला ठाऊक होतं. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं आणि चढत चढत काठाशी आलं, असं म्हणतात.

प्यायला कुणी धजेना. आवडी गुडघे टेकून वाकली आणि एक ओंजळ प्यायली. पाणी गोडं होतं. मग तिनं ओलं बोट पोराच्या ओठांवर ठेवलं. पोरानं ते चोखलं आणि मोठ्यानं रडलं.

दाजीनं दोर ओढला. तो हातभर आखूड वर आला. ओहोटीला तळ दिसला तेव्हा तिथे स्वच्छ वाळू होती, धाकू नव्हता.

दोराचा तो हात त्याच्या मुठीत राहिला, असं म्हणतात. म्हणून दर वर्षी नवा दोर आणला की बेटावरची सगळ्यांत नवी बाळंतीण त्यातला हातभर कापते आणि विहिरीत सोडते. एवढ्या दोराला ओहोटीचं पाणी लागत नाही, थांबावंच लागतं. भरतीला पाणी काठाशी येतं, तेव्हा गुडघे टेकून वाकावं लागतं. पंप बसवायला माणसं आली होती, त्यांना मीच चहा पाजून परत पाठवलं.

लाट आली बघा सुरूपाशी. टेका गुडघे, ताई. आणि कळशी भरली की आम्ही म्हणतो तसं म्हणा, "बास, धाकू."