चार्मिंग म्हणजे काय

चांदसर संस्थानचे दिवाण सबनीस विलायतेहून परतले ते 'चार्मिंग' हा एकच शब्द घेऊन. तळं चार्मिंग, पडदे चार्मिंग, स्वतःची मिशीही चार्मिंग. एक दिवस त्यांनी मुलींच्या मराठी शाळेच्या द्वारकाबाईंना दरबारात बोलावलं.

"बाई, चार्मिंगचा अर्थ मराठीत सांगा. सुंदर, मोहक असलं काही नको, ते मला पुरत नाही. जमलं नाही तर उद्यापासून शाळा बंद. तिथे घोडे बांधू."

बत्तीस मुली द्वारकाबाईंच्या डोळ्यांपुढून गेल्या. राग गिळून त्या म्हणाल्या, "सांगते. पण जरा सावकाश."

आणि त्या पहाटेच्या तळ्याबद्दल बोलू लागल्या. धुक्यात काठ विरघळतो, नावाडी दिसत नाही, नुसतं त्याचं गाणं पाण्यावरून येतं. ते ऐकायला एक म्हातारी रोज घाटावर येऊन बसते, आणि एके दिवशी गाणं येतच नाही...

दिवाणांचा हात चहाच्या कपाकडे गेला आणि वाटेतच राहिला. पंखेवाला दोरी ओढायचा विसरला. दरबारातच जणू धुकं उतरलं.

बाई मध्येच थांबल्या.

"मग?" दिवाण पुढे झुकले. "गाणं का आलं नाही?"

"ते राहू द्या, सरकार. चहा घ्या."

दिवाणांनी कप उचलला. चहा पार गार झाला होता, वर साय धरली होती.

"तुमचा चहा ज्यामुळे गार झाला ना," द्वारकाबाई म्हणाल्या, "त्याला चार्मिंग म्हणतात. आणि सगळं मराठीत चाललं होतं."

दिवाणांनी बोटाने साय बाजूला सारली आणि कप खाली ठेवला.

"शाळा राहील," ते म्हणाले. "पण आधी त्या म्हातारीचं काय झालं ते सांगा."