गुरुजींनी सोडलेला नंबर

एकदा नव्हे, चांगले अकरा वेळा नापास झालेले एक गुरुजी होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका कापूसपिकाऊ गावात कृष्णवर्णीय मुलांना त्यांनी चाळीस वर्षे वाचायला शिकवले, आणि स्वतः मात्र वाचनाच्याच परीक्षेत नापास! हसू नका. मतदार यादीत नाव घालायचे तर कचेरीतल्या गोऱ्या कारकुनासमोर राज्यघटनेतले एक कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार तोच कारकून. मग गुरुजी पास होणार कसे?

गुरुजींचे नाव एझ्रा. वय अठ्ठ्याहत्तर. छातीत अधूनमधून कळ येई. डोळे मिटण्यापूर्वी एकदा तरी मत टाकायचे, एवढी एकच इच्छा उरली होती. लीव्हाय हा त्यांचा लाडका शिष्य. थोर पुढाऱ्यांची चरित्रे त्याने अधाशासारखी वाचली होती. आपल्या गावातूनही एक नाव इतिहासात जावे आणि ते गुरुजींचे असावे, असे त्याने मनाशी पक्के केले होते.

यादीची कचेरी महिन्याच्या पहिल्या सोमवारी उघडे आणि बाराच्या ठोक्याला बंद होई. बाराव्या खेपेला लीव्हायने शक्कल लढवली. उत्तरेकडच्या एका वर्तमानपत्राला पत्रांवर पत्रे धाडून त्याने एक बातमीदार बोलावला. कॅमेरा घेऊन तो दारातच उभा राहिला. चाळीस वर्षे शिकवत आलेल्या म्हाताऱ्याला त्याच्यासमोर नापास करायची आता कारकुनाचीही छाती नव्हती. समोरच्या पायऱ्यांवर निम्मा गाव गुरुजींचे कौतुक पाहायला जमला होता. रांगेत मात्र दोघेच होते, गुरुजी आणि लीव्हाय.

कारकुनाने दोघांना मुद्दाम ताटकळत ठेवले. अखेर बाराला वीस मिनिटे कमी असताना दार उघडले.

"पुढचा! आजचा हा शेवटचा."

गुरुजी उठले, पण आत गेले नाहीत. मागे वळून त्यांनी हाक मारली, "ओडेसाबाई, या."

ओडेसाबाई गोऱ्यांच्या घरचे कपडे धुऊन पोट भरणारी. गुरुजींच्या प्रौढांच्या वर्गात दोन वर्षे येत होती. त्या दिवशी ती आली होती फक्त गुरुजींच्या जेवणाचा डबा घेऊन.

"मी?" ती डबा सावरत मागे सरली. "अहो गुरुजी, थट्टा करता का गरिबाची? माझी कामं जातील!"

"जातील कदाचित. मी खोटं सांगणार नाही. तुम्हाला वाचता येतं, हेही खोटं नाही. जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

बाईने कमरेचा एप्रन सोडला, डब्यावर ठेवला आणि आत गेली. ज्या कारकुनासमोर ती बसली, त्याच्या अंगातल्या शर्टाची परीटघडी तिच्याच हातची होती.

लीव्हाय संतापला. "गुरुजी, काय केलंत हे? आज तुम्ही पास झाला असता! तुमचं नाव लागलं असतं! ती बाई नापास होणार, हे लहान पोरही सांगेल."

"होईल ना नापास," गुरुजी शांतपणे म्हणाले. "लीव्हाय, त्या पायऱ्यांकडे बघ. अकरा वेळा मी या दारातून बाहेर आलो. अकरा वेळा या लोकांनी माझी पाठ थोपटली, मला कोंबडीचं जेवण घातलं आणि ते आपापल्या घरी गेले. गुरुजी आहेतच की आपले, म्हणाले. आज मी पास झालो असतो तर त्यांनी मला खांद्यावर घेतलं असतं, आणि पुन्हा घरीच गेले असते. तुला एक थोर माणूस मिळाला असता. गावाला मिळालं असतं एक मत. चूक त्यांची नाही रे, माझी आहे. पुढं चालता चालता मीच त्यांची वाट अडवून बसलो."

बारा वाजता ओडेसाबाई बाहेर आली.

"नापास," ती म्हणाली.

कापसाच्या गिरणीतला एक हमाल पुढे झाला. "काय विचारलं गं त्यानं?"

"वाचायला दिलं."

"मग?"

"मग काय? वाचलं मी. अख्खं. एका शब्दाला दोनदा अडखळले. मी वाचत गेले तसा त्याचा चेहरा लाल होत गेला." आणि तिला एकाएकी हसू फुटले. "अर्थ चुकला म्हणाला. चुकू दे! पुढच्या महिन्यात परत येते."

हमालाने हळूच विचारले, "बाई, ते वाचायचं... मला जमेल?"

ओडेसाबाईची दोन घरची कामे खरोखरच सुटली. तरी पुढच्या पहिल्या सोमवारी ती पहाटेच रांगेत उभी होती. गुरुजींना छातीत कळ आल्यामुळे निघायला उशीर झाला. लीव्हायच्या आधाराने ते कचेरीच्या कोपऱ्यावर पोचले आणि थबकले. रांग दारातून निघून, पायऱ्या उतरून, लोहाराच्या दुकानाला वळसा घालून गेली होती. लीव्हायने माणसे मोजली. त्रेसष्ट!

"गुरुजी, मी पुढे सांगतो. तुम्हाला लगेच वाट देतील."

"खबरदार!" गुरुजी म्हणाले. काठी टेकत ते अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

"लीव्हाय, बारापर्यंत काही आपला नंबर लागायचा नाही रे आज!"

लीव्हाय रांगेत त्यांच्या मागे उभा राहिला.