ठकूवर राज्य आलं

ओळखा बघू ह्या गोष्टीचा शेवट. ओळखलात तर माझी अर्धी मिशी तुमची. उरलेली अर्धी राहू द्या, गोष्ट सांगताना ओढायला लागते.

लई जुन्या काळी, एका राज्याच्या पार टोकाच्या गावात, ठकू नावाची बुरडीण राहायची. टोपल्या विणायची, सुपं विणायची. घरात ती आणि तिची पोर बनी, तिसरं माणूस नाही. बांबू मिळायचा डोंगरापल्याड. रोज सकाळी ठकू कोयता घेऊन निघाली की बनी तिच्या पायाला मिठी मारायची.

मग ठकूनं युक्ती काढली. "चल, लपाछपी खेळू. तुझ्यावर राज्य. डोळे मीट आणि वीस मोज."

बनी भिंतीला तोंड लावून वीस मोजायची, तोवर ठकू वेशीबाहेर. विसाच्या पुढचं पोरीला येत नव्हतं. लपलेल्या आईचं 'कुक' ऐकू आलं नाही की परत एकपासून. सगळ्या टोपल्या उलट्या करून बघायची. शेजारची कोंडाबाई भाकर घेऊन आली तर म्हणायची, "गप बस गं आजी. आईचं कुक ऐकायला येणार नाही."

पुढं पुढं बनी डोळेच मिटेना. निजताना आईच्या पदराला आपल्या परकराची गाठ मारायची. ठकू पाण्याला उठली तरी ही मागोमाग उठायची.

कोंडाबाई म्हणाली, "ठके, तिला फसवू नको. तोंडावर 'येते' म्हण आणि जा. आज विहिरीपर्यंत जाऊन ये, उद्या वेशीपर्यंत, परवा ओढ्यापर्यंत. रडेल, रडू दे. पण येते म्हणालीस की ये. चार वेळा आलीस तर पाचव्यांदा ती खेळत बसेल."

"तिचं रडणं सोसत नाही हो मावशी."

"तिला सोसत नाही, का तुला?"

ठकू एकदा 'येते' म्हणून निघाली. मागून पोरीनं टाहो फोडला. विहीर दहा पावलांवर राहिली होती, तिथूनच ठकू माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी परत लपाछपी. ते सोपं. पोर भिंतीकडं वळली की तिचं तोंड दिसत नाही.

वर्षं गेली. बनीचं लग्न झालं, सासर आठ दिवसांच्या वाटेवर. गाडी दारात उभी आणि ठकूनं लेकीच्या शेल्याला आपल्या पदराची गाठ मारलेली. "तू गेलीस की मी जगत नाही," एवढंच म्हणत होती.

बनीनं आईचे डोळे पुसले. गाठ हळूच सोडली. "आई, चल, एकदा खेळू. तुझ्यावर राज्य."

ठकूला हसू आलं. ती भिंतीकडं वळली. एक, दोन, तीन. वीस म्हणून वळून बघते, तर वेशीपाशी धुरळा.

सणाला बनी येईल, असं गाव म्हणत राहिलं. ती आली नाही. आलं की परत निघावं लागणार, आणि सांगून निघायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

ठकूच्या हातचं सूप पुन्हा कुणी बघितलं नाही. बांबू वाळून उभा फुटला. ती भिंतीला कपाळ लावून वीस मोजायची, आणि परत एकपासून. थकलेली कोंडाबाई भाकर घेऊन आली की म्हणायची, "गप बसा मावशी. कुक ऐकायला येणार नाही."

म्हणून सांगतो, तोंडावर 'येते' म्हणा आणि खरंच या. समोरचं रडू ओसरतं, फसवून गेलेल्याची वाट बघणं ओसरत नाही.