साळुंकीचं बेस्ट पाणी

एका सागाच्या जंगलात एक साळुंकी राहत असे, बाळांनो. बोलायला गोड, पंखाला हलकी. तिथल्या हरणांची एक रीत होती. उन्हाळा तापला, ओढे आटले, की कळपाने उगाच पाय झिजवायचे नाहीत. साळुंकीने उडून जाऊन पाणी बघून यायचं आणि तिच्या शब्दावर कळपाने चालायचं.

जंगलाच्या कडेला एक डाकबंगला होता. तिथे उतरणारी माणसं चहा प्यायली तरी 'बेस्ट' म्हणायची, वारा सुटला तरी 'बेस्ट'. साळुंकीने तो शब्द उचलला. पाणी कसंही असो, ती येऊन सांगायची, "बेस्ट पाणी!" कधी जरा बदल म्हणून "अव्वल!" कधी "एक नंबर!" पाणी किती खोल, गढूळ की निवळ, हे काही सांगत नसे. एवढा मोठा शब्द दिल्यावर आणखी काय सांगायचं, असं तिला वाटे. हरणं जायची, चिखल चाटायची आणि मुकाट माघारी यायची.

एका वर्षी पाऊस झालाच नाही. वैशाखात कळपाची हाडं दिसू लागली. एका हरिणीचं पाडस तर इतकं थकलं, की त्याच्या पायांत एकाच खेपेपुरतं बळ उरलं होतं. साळुंकी लांब उडाली. दोन टेकड्यांपलीकडच्या दरीत, खडकाच्या पोटात तिला झरा सापडला. ती धापा टाकत परत आली.

"मावशी, उठा! दरीत पाणी आहे. बेस्ट!"

हरिणीने मान वळवली नाही. "परवा त्या जांभळीखालच्या डबक्याला काय म्हणाली होतीस गं?"

"बेस्ट."

"आणि त्याच्या आधी, रानडुकरं लोळतात त्या चिखलाला?"

"अव्वल," साळुंकी हळूच म्हणाली.

एक शिंगाळ नर हसला. "हिला शेणाचा पो दाखवा, तोही एक नंबर!"

"नाही हो! हे खरंच सर्वोत्तम आहे! अप्रतिम! याच्यावर दुसरं नाही!" साळुंकी होते नव्हते तेवढे शब्द काढत गेली. पण ते सगळे चिखलावर वापरून झाले होते.

"दोन्ही बेस्टच, तर जांभळीखालचं जवळचं बरं, निदान ओल तरी असेल," हरिणी म्हणाली. "माझ्या लेकराला लांबचं झेपायचं नाही."

कळप जांभळीखाली गेला. तिथे भेगाळलेली माती होती. पाडसाने तिला नाक लावलं, गुडघे मुडपले, आणि ते पुन्हा उठलं नाही. साळुंकी दरीकडे उडाली, चोचीत पाणी घेऊन आली. पण तिच्या चोचीत मावून मावणार किती? आणि पाडसाचं तोंड आता उघडत नव्हतं.

हरिणीने विचारलं, "खरं सांग, कसं आहे ते पाणी?"

"गार आहे, मावशी. गुडघाभर आहे. तळाचे खडे दिसतात."

हरिणीने पाडसाचं अंग चाटलं. मग म्हणाली, "एवढंच सांगितलं असतंस, तर मी त्याला ढकलत ढकलत नेलं असतं गं."



तात्पर्य : जे पाहिलं ते जसं आहे तसं सांगावं. ज्याने चिखलालाही सर्वोत्तम म्हटलं, त्याला झरा सापडला तरी कोणी त्याच्यामागे येत नाही.