ज्या घरांतून नारळ आला नाही

एकदा एका संपन्न व्यापारी नगरीत मुलं फार जड होऊ लागली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. उलट 'खात्यापित्या घरचं लेकरू' म्हणून आयाबाया गालगुच्चे घेत राहिल्या. पुढे खुद्द नगरशेठांचा नातू देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसकण मारू लागला, तेव्हा कुठे नगरीला चिंता वाटली. नगरशेठांनी वेशीबाहेरच्या आश्रमात राहणाऱ्या वृद्ध वैद्यराजांना विनंती केली, "आपण एक उपाय सांगा. दवंडी पिटून तो घरोघरी बंधनकारक करतो."

वैद्यराजांचे दोन शिष्य या प्रश्नावर आधीपासूनच खटपट करत होते. थोरल्याने उत्तर पेठेतल्या मुलांना दोन्ही जेवणांआधी जिरं घातलेलं ताक द्यायला लावलं होतं. धाकट्याने दक्षिण पेठेतल्या पाठशाळेत दुपारी वाटली जाणारी गूळपापडी बंद केली होती. आणि ज्याचा उपाय दवंडीवर चढेल, तोच वैद्यराजांच्या मागे आश्रमाच्या गादीवर बसेल, असं लोक धरूनच चालले होते.

थोरला मनाने वाईट नव्हता. पण धाकटा आश्रमात आल्यापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आपण उमेदीची वर्षं गुरूंच्या पायाशी घालवली, आणि हा कालचा पोर येऊन मांडीला मांडी लावून बसतो, हे त्याला सहन होत नसे. धाकट्याच्या एखाद्या प्रश्नावर वैद्यराज प्रसन्नपणे हसले, की थोरल्याला त्या दिवशी अन्न गोड लागत नसे. बरं, धाकट्याने निदान उर्मटपणा तरी करावा! तर तोही नाही. "दादा, तुम्ही सांगाल तसं," असं म्हणून तो मोकळा. ज्याचा मनसोक्त हेवा करावा त्यानेच असा आदर दाखवला, तर माणसाने करायचं तरी काय?

वैशाखात धाकट्याने दक्षिण पेठेतली मुलं धान्याच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर बसवली. संक्रांतीच्या सुमारास ती याच काट्यावर तोलली होती. आता जवळजवळ प्रत्येक मूल हलकं भरलं. नगरशेठ हरखले. "दवंडीवाल्याला बोलवा!" ते म्हणाले. थोरला गर्दीत मागे उभा होता. त्याने तोंडभर हसून धाकट्याचं अभिनंदन केलं आणि आतल्या आत जळून गेला.

वैद्यराजांनी मात्र हात वर केला. "आधी परीक्षा होऊ द्या. धाकट्याच्या पेठेत थोरल्याने जावं आणि थोरल्याच्या पेठेत धाकट्याने."

नगरशेठ त्यांच्या कानाशी वाकले. "महाराज, थोरले वैद्य धाकट्यांवर किती जळतात, हे सगळ्या नगरीला ठाऊक आहे. मांजराला दुधाची राखण सांगता?"

"मलाही ठाऊक आहे," वैद्यराज म्हणाले, "म्हणून तर सांगतो."

हे थोरल्याच्या कानी पडलं आणि त्याचा चेहरा तापला. तरी तो गेला. खरं सांगायचं तर धावतच गेला.

दुसऱ्याची चूक शोधायची म्हटल्यावर माणसाच्या अंगी काय उत्साह संचारतो! थोरल्याने काट्याची दांडी तपासली, वजनाचे दगड पारखले, मुलांच्या आयांना आडून आडून विचारलं. कुठे काही सापडेना. मग त्याला आठवलं, की संक्रांतीला धाकट्याने शेजारच्या पश्चिम पेठेतलीही मुलं तोलली होती. तिथे उपाय करायचा नव्हता, म्हणून ती पुन्हा तोलण्याचं त्याच्या ध्यानीही आलं नव्हतं. थोरल्याने ती सगळी मुलं गोळा करून काट्यावर बसवली. या मुलांची गूळपापडी एक दिवसही चुकलेली नव्हती, आणि तरीही ती तेवढीच हलकी झाली होती! थंडीत डिंकाचे लाडू आणि तिळगूळ खाऊन सुस्तावलेली पोरं उन्हाळ्यात दिवसभर नदीत डुंबत होती आणि उकाड्याने अर्धं जेवून उठत होती. वजन ऋतूने उतरवलं होतं. थोरल्याला इतका आनंद झाला, की त्याची थोडी लाज वाटायला हरकत नव्हती.

सभेत त्याने हे सगळं सविस्तर सांगितलं. धाकटा मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याची पाळी आली.

"दादांच्या उपायात मला उणं दिसलं नाही," तो म्हणाला. "त्यांच्या ओसरीच्या तुळईवर आता नारळ बांधायला जागा उरलेली नाही."

त्या नगरीची रीतच तशी होती. वैद्याचा गुण आला, की घरच्यांनी त्याच्या ओसरीवर नारळ बांधायचा.

"मग ताकच ठरलं!" नगरशेठ म्हणाले. थोरल्याची छाती फुगली. एवढ्यात वैद्यराज उठले, स्वतःच्या खांद्यावरची शाल त्यांनी थोरल्याच्या अंगावर घातली आणि म्हणाले, "आज तू उत्तम परीक्षा केलीस. आता दक्षिण पेठेत जो माणूस हिंडला, त्यालाच तुझ्या उत्तर पेठेत पाठव."

"मी समजलो नाही, आचार्य."

"बाळ, धाकट्याचा तुझ्यावर जीव आहे. म्हणून त्याने ओसरीवरचे नारळ पाहिले आणि तो समाधानाने परतला. तुला त्याचा मत्सर आहे. म्हणून तू वजनाचे दगडसुद्धा पारखलेस, आणि जिथे उपाय केलाच नव्हता त्या पेठेतही गेलास. मत्सर हा विकार खराच, पण त्याच्याइतका कसून पाहणारा परीक्षक मला आजवर भेटलेला नाही. खोड एवढीच, की तो कायम शेजाऱ्याच्या घरी जातो, स्वतःच्या घरी कधी येत नाही. उपाय चुकला तर वैद्याची फजिती होते आणि लोक ती विसरतात. पण दवंडीने दिलेला उपाय पोरांच्या ताटात वर्षानुवर्षं राहतो. तेव्हा ताकाचा उपाय धाकट्याचा आहे असं समज, आणि जा."

थोरला जड पावलांनी निघाला. आधी तो आपल्याच ओसरीवर थांबला. ते नारळ तो रोज मोठ्या अभिमानाने पाहत असे. नारळ न पाठवणारी घरं किती, हा प्रश्न आज प्रथमच त्याच्या मनात आला. ती घरं शोधत तो पेठेत हिंडू लागला.

पहिल्याच दारात एक आई ओशाळून उभी राहिली. "वैद्यबुवा, ताक नेमाने दिलं हो. पण त्याने पोराची भूक उलट वाढली. गुण आला नाही, तर कोणत्या तोंडाने यायचं तुमच्याकडे? म्हटलं, आमच्याच हातून काही चुकलं असेल."

दुसऱ्या घरी तीच कथा. तिसऱ्याने तर ताक केव्हाच सोडलं होतं. नारळ बांधणाऱ्या घरांपेक्षा अशी घरं कितीतरी अधिक निघाली. ही घरं धाकट्याची असती, तर आपण भर सभेत त्याची कशी खिल्ली उडवली असती, हे थोरल्याला स्पष्ट दिसू लागलं. गप्प बसावं, असंही मनात येऊन गेलं. शाल अंगावर होती, गादी हाताशी होती, आणि त्या आया आपणहून कधी बोलणार नव्हत्या. पण पहिल्या दारातला तो जाडगेला मुलगा आईच्या पदराआडून त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहत होता, ते काही डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी तो सभेत उभा राहिला. "माझाही उपाय सिद्ध झालेला नाही. आलेले नारळ मी पाहिले. न आलेल्यांची चौकशीच केली नाही."

नगरशेठ वैतागले. "मग दवंडी द्यायची तरी कसली?"

"तूर्त कसलीच नाही," वैद्यराज म्हणाले. "एका पेठेत ताक द्या, एकीत गूळपापडी थांबवा, एक आहे तशी राहू द्या. वर्षभराने त्याच ऋतूत सगळी मुलं तोला. एकही मूल वगळू नका."

"आणि तोवर पोरांनी काय करायचं?"

"डुंबू द्या नदीत. ते मला बरं वाटतं. पण दवंडी पिटायची, तर तेही आधी तोलूनच."

सभा पांगल्यावर धाकटा थोरल्याजवळ आला. "दादा, नारळ न आलेल्या घरांपैकी दोन घरी मीही गेलो होतो. तुमचा मान जाईल, म्हणून बोललो नाही."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. मनातला हेवा कुठे गेलेला नव्हता, तिथेच होता. पण या पोराच्या प्रेमाने आपल्याला नगरीच्या मुलांचा अपराधी केलं असतं, हेही त्याला कळून चुकलं होतं.

"पुढच्या वेळी माझ्या पेठेत तूच जा," तो म्हणाला. "आणि जाताना माझ्यावर थोडा जळत जा."

"ते मला नाही जमायचं, दादा."

"शिकवीन मी," थोरला म्हणाला. "त्या विद्येत माझा हात धरणारा या नगरीत दुसरा कुणी नाही."