बांधून आणलेलं घर

"जंगल खाल्लं! कुणीतरी माझं अख्खं जंगल खाल्लं!"

हिवरगडचा राजा भैरवसेन गच्चीवरून तडक दरबारात आला तो ओरडतच. समोरची हिरवीगार टेकडी आज त्याला टकलासारखी चकचकीत दिसली होती! दरबारी एकमेकांच्या पागोट्यांकडे बघू लागले.

"सरपणाला लाकूड लागतंच ना, महाराज," दिवाणजी म्हणाले. "आपल्याकडची थंडी म्हणजे थंडी! आता नदीकाठचं बांबूचं बेट तेवढं उरलंय. उद्या तेही तोडायला घेऊ."

"बेट तोडलंत तर आम्ही काय विणायचं? वारा?"

सगळ्या माना वळल्या. दाराशी सुपं घेऊन साळू उभी होती. बुरडाची पोर. त्या बेटावरच तिच्या घराचं पोट होतं.

"आणि जंगल कुणी खाल्लं म्हणून काय विचारता, महाराज? खाणाऱ्याला पगार तर तुम्हीच देता!"

"मी?"

"शेकोटीभत्ता कोण देतं? जो जास्त जाळेल त्याला जास्त मोहरा! मग लोक खिडक्या सताड उघडतात आणि होळी पेटवतात. आम्ही दुहेरी कुडाच्या भिंती विणतो, मधे पेंढा ठासून भरतो. एका शेगडीवर रात्र निघते! पण घेतंय कोण? 'नको गं बाई, भत्ता बुडेल!' सगळ्या भिंती अंगणात पडून आहेत."

"भिंती अंगणात विणतात?" राजा खदखदला. "घर आहे की टोपली?"

दरबार पोट धरून हसला. साळू हसली नाही. त्यामुळे राजा हट्टाला पेटला.

"ठीक आहे! उद्या सकाळी या चौकात घर बांधून आण. इथे येऊन बांधायचं नाही हं, तिथून बांधून आणायचं! नाहीतर बेटावर कुऱ्हाड!"

"बांधूनच आणायचं ना?"

"बांधूनच!"

"शब्द फिरवायचा नाही, महाराज!"

"राजाचा शब्द आहे तो, भोवरा नाही!"

दुसऱ्या सकाळी चौकात बैलगाडी आली. तिच्यावर काथ्याच्या दोरांनी करकचून आवळलेला हा एवढा मोठा गठ्ठा! वर साळू बसलेली.

"हे घर?" दिवाणजी किंचाळले. "हा तर चटयांचा भारा!"

"बांधून आणायला सांगितलं होतं, दिवाणजी. बांधलंय! माझ्या बापाच्या हातची गाठ आहे, हत्तीलाही तुटायची नाही. महाराज, सोडू का?"

राजाच्या मिशा थरथरल्या. "सोड!"

दोर सुटले. भिंती उभ्या राहिल्या, खुंट्या ठोकल्या गेल्या, छप्पर चढलं. राजाची न्याहारी संपायच्या आत घर तयार! राजा आत गेला, साळूने पेटवून ठेवलेल्या शेगडीजवळ बसला, दार लावून घेतलं. बाहेर गार वाऱ्यात दिवाणजींचे दात वाजू लागले.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि राजाची शाल बाहेर आली. मग अंगरखा आला. मग पागोटं!

"महाराज, आता पुरे!" दिवाणजी कळवळून ओरडले.

राजा घाम पुसत बाहेर आला. "अगं, मी भाजून निघालो! माग, काय हवं ते माग!"

"बेट राहू द्या. आणि भत्ता उलटा करा. कमी जाळेल त्याला जास्त! असं घर घेईल त्याला अर्धी किंमत खजिन्यातून!"

"खजिना बुडेल!" दिवाणजी म्हणाले.

"आत्ता खजिना नुसता धूर विकत घेतोय, दिवाणजी! धुरात कुणी राहायला गेलंय का कधी?"

राजा इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. भिंत हललीसुद्धा नाही!

"दिलं! बेट तुमचं. माझ्या सगळ्या शिपायांची घरं तूच बांधून आण, गाठी मारून! आणि भत्ता आत्तापासून उलटा!"

तेवढ्यात बुरुजावरचा पहारेकरी वरूनच ओरडला, "महाराज, बघा बघा! दिवाणजींचा गडी पळत त्यांच्या घरी गेला, आणि सगळ्या खिडक्या धडाधड लावत सुटलाय!"